सावली पडली पार्किंगमध्ये

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वर बघतं. कापड कोणत्या रंगाचं, खांब किती उंच, रंगाला चकाकी आहे का. काम झालं की सगळे माना वर करून उभे राहतात, फोटो काढतात, छान छान म्हणतात. आणि आम्ही जे विकलेलं असतं ते खाली पडलेलं असतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही. आम्ही सावली विकतो.

शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या बागेत, लहान मुलांच्या घसरगुंडीवर आणि झोपाळ्यांवर जे ताणून बसवलेलं जाळीदार कापड दिसतं, ते बसवणारा मी माणूस. कुणी त्याला शेड म्हणतं, कुणी पाल म्हणतं. एका बाईंनी खालून विचारलं होतं, "तुमचं हे धुणं कायमचं असंच वाळत राहणार का?" पुण्यात असं बोललेलं मनावर घ्यायचं नसतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

या अंकाच्या संपादक बाई ज्या शाळेत शिकवतात तिथं आम्ही काम केलं. मी शिडीवर, त्या खाली. म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, बाई, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. शाळांमध्ये माझं जास्त जाणं-येणं झालं ते कामाला लागल्यावर. त्या म्हणाल्या, मग बोलता तसं लिहा. म्हणून लिहितोय. कुणाला राग येईल का, नानांच्या दुकानाला काही त्रास होईल का, ही धास्ती लिहितानाही आहे. म्हणून सोसायटीचं नाव लिहीत नाही.

मी मूळचा वाशिमकडचा. तिकडे ऊन म्हणजे लपून बसायची गोष्ट. उन्हाळ्यात दुपारी गाव बंद असतं. इथं आलो तर लोक म्हणायचे, पुण्याचं ऊन कोवळं असतं. ते म्हणत असतील पूर्वीच्या पुण्याबद्दल. आता सिमेंटचे रस्ते, काचेच्या भिंती, फरशी घातलेली अंगणं. ऊन वरून येतं ते येतंच, खालून आणि बाजूनेही येतं. मुलांची उंची कमी, त्यामुळे त्यांना खालचं जास्त लागतं.

नाना म्हणजे आमचे मालक. वारज्यात त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. पूर्वी त्यांची तिथं शेती होती, आता त्या शेतात इमारती आहेत. मी पुण्यात आलो तेव्हा माझी ओळख द्यायला शहरात एकही माणूस नव्हता. नानांनी विचारलं, "वेल्डिंग येतं?" मी म्हटलं, "नाही." "शिकशील?" "हो." "मग हो की उभा तिथं." एवढीच मुलाखत. राहायला दुकानामागची खोली दिली. लग्न झाल्यावर बायकोला आणलं तर नानांच्या घरून भांडी आली. पहिल्या दिवसापासून उंचीवर चढताना कमरेला पट्टा बांधायला लावला. बाकीची दुकानं हसायची. नाना म्हणायचे, "पडला तर त्याच्या आईला काय सांगू, मराठी का वऱ्हाडी?" या माणसाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. आजही नानांचा फोन आला की हातातलं काम टाकून उचलतो.

आता थोडं कामाबद्दल. हे कापड विणलेलं असतं, जाळीसारखं. ताडपत्री नाही. ताडपत्री लावली तर खाली हवा कोंडते आणि वादळात ती शिडासारखी फुगून खांब उपटते. जाळीतून वारा जातो, ऊन बरंचसं अडतं. चार कोपरे एका उंचीला बांधायचे नाहीत. दोन वर, दोन खाली, म्हणजे कापडाला पीळ बसतो आणि ते फडफडत नाही. पावसाळ्याआधी उतरवून ठेवायचं, पाऊस संपला की परत चढवायचं. लोक उतरवत नाहीत, मग फाटलं की आम्हाला फोन.

कोथरूडच्या एका शाळेला कापड नकोच होतं. त्यांना पारदर्शक पत्रा हवा होता, उजेड येतो म्हणून. लावून झाल्यावर एप्रिलमध्ये बालवाडीच्या बाई रडकुंडीला आल्या. नाना स्वतः जाऊन पत्र्याखाली उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, ह्याच्याखाली पोरं न्हाई, रोपं वाढत्याल." दुसऱ्या एका ठिकाणी आजी-आजोबांच्या बाकावर सावली आणि लोखंडी घसरगुंडी उन्हात. एक आजी रोज संध्याकाळी बादलीभर पाणी आणून घसरगुंडीवर ओतायच्या, मग नातीला वर चढवायच्या. पाणी वाळायच्या आत जेवढ्या घसरगुंड्या होतील तेवढ्या. मी एकदा विचारलं, आजी, सावली तिकडं सरकवून मागा की. त्या म्हणाल्या, "मागितली होती. बाकावर बसणारे मतदान करतात, घसरगुंडीवाले करत नाहीत."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक काम मात्र मला नेता येत नाही.

वारज्याच्या पुढची सोसायटी. मागच्या बाजूला मुलांची खेळायची जागा, वाळूचा हौद, दोन झोपाळे, घसरगुंडी. पश्चिमेला कुंपणाची भिंत आणि तिच्यापलीकडे मोकळा प्लॉट, म्हणजे उतरतं ऊन अडवायला काहीच नाही. आम्हाला बोलावलं होतं रविवारी सकाळी अकराला. सगळ्या सोसायट्या आम्हाला रविवारी सकाळी अकरालाच बोलावतात. कमिटीचे लोक पोहे खाऊन खाली येतात, ऊन डोक्यावर असतं, ते वर बोट दाखवतात आणि म्हणतात, इथं. चेअरमन साहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनीही बोट दाखवलं, "इथं, हौदाच्या वर. सरळ."

तेवढ्यात जिन्यातून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. नंतर मी त्यांना अनघाताई म्हणायला लागलो. त्यांनी मला विचारलं, "दादा, याची सावली पाच वाजता कुठे पडेल?"

मी म्हटलं, "इथंच की ताई, खाली."

"बारा वाजता खाली. बारा वाजता इथे कोणी नसतं. मुलं पाचला येतात. पाच वाजता कुठे पडेल?"

मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे. इतकी वर्षं सावली विकत होतो, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळेचं मैदान असलं तर कापडच इतकं मोठं असतं की सावली थोडी सरकली तरी पोरं तिच्यातच राहतात. इथं जागा लहान, कापड लहान. संध्याकाळी तिरपं ऊन कापडाखालून सरळ आत शिरणार आणि सावली लांब कुठेतरी जाऊन पडणार, हे त्यांनी सांगितल्यावर आम्हाला दिसलं.

चेअरमन साहेब म्हणाले, "अनघाताई, आपण भाडेकरू आहात ना? म्हणजे सूचना चांगली आहे. फक्त कोणाची आहे ते विचारलं."

अनघाताई का विचारत होत्या ते त्याच संध्याकाळी कळलं. त्यांची मुलगी ओवी, सात वर्षांची. जन्मापासून तिच्या कातडीत रंगच नाही. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. ऊन लागलं की कातडी भाजते, फोड येतात, आणि उजेडात डोळे उघडवत नाहीत. लांबचं तसंही कमी दिसतं. लोक अशा मुलांना सूर्यमुखी म्हणतात. कुणी नाव काढलं देव जाणे, सूर्य सोडून तिला सगळं चालत होतं. सोसायटीत राहायला आल्यावर एका बाईंनी विचारलं होतं, हे शिवल्यानं होतं का. अनघाताईंनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. मग दुसऱ्या बाईंनी विचारलं, मग तिसऱ्या.

ओवी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी, गडद चष्मा घालून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची. समोर बाकीची मुलं विषामृत खेळायची. मुलांनी तिला पंच केलं होतं. तिला लांबचं दिसत नाही, तरी आउट तीच द्यायची, पावलांच्या आवाजावरून. कुणी भांडायचं नाही. मी टेप लावून मोजत होतो तर मला म्हणाली, "काका, तुम्ही सावली करणार आहात?"

"हो."

"मग माझ्यावर राज्य येईल."

राज्य आलं की बाकीची पोरं तोंड पाडतात. हिला ते हवं होतं. पंचावर कधी राज्य येत नाही.

संक्रांतीचा आठवडा होता. मी कामावरून सुटून रोज पाचच्या सुमाराला तिथं जायचो. एक उंच बांबू नेलेला. मी तो वेगवेगळ्या जागी उभा धरायचो आणि अनघाताई त्याच्या टोकाची सावली जिथं पडेल तिथं ओवीच्या खडूने खूण करायच्या. मुलं भोवती जमायची. कुठं खांब उभे केले म्हणजे पाच वाजता सावली बरोबर हौदावर आणि झोपाळ्यांवर येते, ते आम्ही असं शोधून काढलं. जागा निघाली हौदाच्या जरा मागे, हिरवळीच्या कडेला. कापड एकीकडे आणि सावली दुसरीकडे, बघणाऱ्याला विचित्र वाटेल असं. पण खडूच्या खुणांच्या मधोमध झोपाळे आले. अनघाताईंनी हात झटकले आणि पहिल्यांदा हसल्या.

नाना एकदा येऊन बघून गेले. "बेस हाय," म्हणाले. त्या संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकू होतं. सगळ्यांनी आम्हाला तिळगूळ दिला. चेअरमन साहेबांनीही दिला, "घ्या, गोड बोला, आणि कोटेशनही गोड द्या."

मग पुढं सोसायटीचं जसं असतं तसं. कोटेशन, सभा, परत सभा. भाडेकरूंना सभेत बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून अनघाताई सभेआधी घरोघर गेल्या. ओवीचे बाबा कंपनीच्या कामाने बहुतेक बाहेरगावी, त्यामुळे एकट्याच. नेहमी एकच सांगायच्या, पाच वाजता खाली येऊन बघा. काही लोक खरंच येऊन बघून गेले. ठराव झाला. चेअरमन साहेब सभेत म्हणाले म्हणे, "मुलांसाठी आहे, नाही म्हणणारा कोण वाईट व्हायचा?" खड्डे खणले, काँक्रीट ओतलं, ते पक्कं होऊ दिलं, खांब रंगवले. कापड चढवेपर्यंत एप्रिल निम्मा सरला. परीक्षा संपत आल्या होत्या. मला वाटलं, बरोबर वेळेत झालं, सुट्टीआधी.

उद्घाटन पाच वाजता ठेवलं. नारळ आणला होता. मी खांबाच्या बुंध्याशी तारांचा ताण तपासत होतो, त्यामुळे आधी माझ्या लक्षात आलं नाही. नारळ फुटला. टाळ्या वाजल्या. सगळे वर बघत होते.

ओवीला सांगितलं होतं, आज तू खाली जायचं. ती पायरीवरून उठली, हौदापर्यंत गेली आणि थांबली. तिला लांबचं दिसत नाही, सावलीची कड कुठे आहे ते ती डोळ्यांनी शोधत नाही. तिनं हात पुढे केला. ऊन लागलं तसा मागे घेतला. दुसरीकडे केला. तिथंही ऊन.

"आई," ती म्हणाली, "इथं नाहीये."

तेव्हा मी खाली बघितलं. हौदावर ऊन, झोपाळ्यांवर ऊन, घसरगुंडीवर ऊन. आमच्या कापडाची सावली हिरवळ ओलांडून पार्किंगमध्ये गेली होती आणि चेअरमन साहेबांच्या पांढऱ्या गाडीवर बसली होती. टपापासून डिकीपर्यंत. शेजारच्या दोन गाड्यांवरही.

चेअरमन साहेबांनी गाडीकडे बघितलं, कापडाकडे बघितलं. "काम चांगलं झालंय," म्हणाले.

मी दुकानात आलो. नानांना सांगितलं. नाना खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "खांब तिथंच हायत ना, आखल्याली जागा?"

"तिथंच आहेत. मी परत मोजलं."

"कधी आखलं हुतं?"

"संक्रांतीला."

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "मग तिळगूळ कशापायी खाल्ला रं आपण?"

मला अजून कळलं नव्हतं. ते म्हणाले, "सूर्य उत्तरंला जातो म्हणून संक्रांत. हळदीकुंकू केलं, वाणं लुटली, मी बी येऊन तिळगूळ खाल्ला, तू बी खाल्ला, त्या चेअरमननं बी खाल्ला. आन् आखलं काय, तर दक्षिणंचा सूर्य. आता त्यो गेलाय तिकडं. सावली आली हिकडं." हे बोलून त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. अर्धं आयुष्य शेती केलेला माणूस. खडू, बांबू, सगळं खरं होतं. थंडीत पाच वाजता सावली झोपाळ्यांवरच पडत होती. उन्हाळ्यासाठी बांधायची सावली आम्ही हिवाळ्यात आखली होती. सूर्य सरकतो हे त्या सोसायटीत प्रत्येकाला ठाऊक होतं, अगदी सणासकट ठाऊक होतं. तो आपल्या अंगणातही सरकतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खांब काँक्रीटमध्ये गेलेले, ते हलवायचे म्हणजे सगळं काम नव्याने. पण एक सोपा उपाय होता. पश्चिमेच्या भिंतीला लागून उभी जाळी, पडद्यासारखी. उतरतं ऊन समोरून येतं, ते समोरूनच अडवायचं. आता आम्ही कुठल्याही संध्याकाळच्या जागेला आधी उभ्या जाळीचाच विचार करतो, आणि विचारतो, मुलं कुठल्या महिन्यात, किती वाजता खेळतात. दुकानात बाजूला पडलेलं कापड होतं. नाना म्हणाले, "घे त्ये आन् लाव. काही मागू नको."

मी कापड घेऊन गेलो. अनघाताई खाली आल्या होत्या. चेअरमन साहेबांना बोलावलं.

"फुकट?" ते म्हणाले.

"हो साहेब. नानांनी सांगितलंय."

"फुकट देताय म्हणून घ्यायचंच असं कुठे आहे? उद्या कोणी फुकट हत्ती देईल, तो बांधू का इथे?"

अनघाताई म्हणाल्या, "काका, दुपारी चार ते सहा एवढाच प्रश्न आहे. मी स्वतः रोज लावीन आणि काढीन."

"ताई, आधीची जागा आपल्याच खडूने आखली होती. आम्ही तर सरळ वर लावा म्हणत होतो. एकदा भाडेकरूंचं ऐकलं, झालं. आता पुढचं सभेत ठेवू."

"सभा कधी आहे?"

"दरवर्षी असते."

"काका, उन्हाळा आत्ता आहे."

"ते मलाही लागतंय. पण एका मुलीसाठी सोसायटीच्या मागच्या तोंडाला बुरखा घालायचा का? तळमजल्याच्या लोकांचा वारा बंद होईल."

अनघाताईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "एका मुलीसाठी नाही. ऊन सगळ्यांच्याच मुलांना लागतं, काका. हिचं फक्त लगेच दिसतं."

चेअरमन साहेब माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "आपण निघा." मी कापडाची गुंडाळी परत खांद्यावर घेतली. येताना जड लागली नव्हती. घरी आल्यावर बायको म्हणाली, "काहून इतकं मनाला लावून घेता? तुमचं काय गेलं?" माझं काहीच गेलं नव्हतं. काम पूर्ण झाल्याची सही मिळाली होती.

नवीन कापड पहिल्या महिन्यात थोडं सैल पडतं, म्हणून एकदा जाऊन तारा परत ताणाव्या लागतात. मे महिन्यात मी त्यासाठी गेलो. संध्याकाळची वेळ. हौदाजवळ कुणी नव्हतं. झोपाळे रिकामे. मला वाटलं, सुट्टीला गावी गेली असतील सगळी. तेवढ्यात पार्किंगमधून हसण्याचा आवाज आला.

मुलं सगळी तिथं होती. सावली जिथं पडत होती तिथं, गाड्यांच्या मधोमध. आधी ओवी एकटी जाऊन बसायला लागली होती, हात पुढे करून तिनं ती जागा शोधली होती. मग तिच्याजवळ एक मैत्रीण, मग दुसरी, मग सगळा घोळकाच. लपाछपी चालली होती. आणि ओवी एका गाडीला तोंड लावून उभी होती, आमच्या सावलीत, आणि मोठ्यानं आकडे म्हणत होती. राज्य तिच्यावर होतं.

मी शिडीवर होतो. माझ्या हातातलं काम थांबलं. ती वळली आणि कान देऊन उभी राहिली. लपलेल्या पोरांमधलं कुणीतरी फिसकन हसलं आणि ती सरळ त्या गाडीमागे गेली, बरोबर. पोरं ओरडली, "ओवी, चीटिंग, तू ऐकतेस." ती म्हणाली, "मग तुम्ही गप्प बसा ना." अनघाताई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मला बरं वाटलं. चुकलेली सावली का होईना, कुणाच्या कामी आली.

पण गाड्या सावलीत आल्या होत्या, आणि सावलीत आलेल्या गाड्यांची किंमत लोकांना कळायला लागली होती. ज्यांच्या गाड्या उन्हात होत्या त्यांनी तक्रार केली की सावली सगळ्यांच्या पैशातली आहे, मग तीनच गाड्यांना का. मुलांसाठी जाळी हवी होती तेव्हा सभा वर्षातून एकदा होती. गाड्यांसाठी ती एका आठवड्यात भरली. आणि त्याच आठवड्यात लपाछपीच्या गडबडीत कुणाचं तरी कोपर लागून एका गाडीचा आरसा तुटला. कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण बोलताना सगळे म्हणत होते, ती मुलगी तिथं बसायला लागली तेव्हापासून.

नानांना नवीन काम आलं. पार्किंगच्या उरलेल्या गाड्यांवर कापड, आणि एक बोर्ड. बोर्डाचा मजकूर चेअरमन साहेबांनी स्वतः लिहून पाठवला होता.

मी नानांना म्हटलं, "नाना, या कामाला दुसऱ्या कुणाला पाठवा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी असं कधी म्हटलं नव्हतं, त्यांनाही नवीन होतं. म्हणाले, "कुणाला पाठवू? आन् आपण न्हाई लावला तर दुसरं कुणी लावंल. बोर्ड तर लागणारच हाय."

"तरी पण."

"सुखदेवा, मलाबी नातवंडं हायत. पर दुकानात तुझ्यासारखी आणखी माणसं हायत, त्यांच्या घरी बी चूल हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला जमत नसंल तर मी जातो."

नानांचे गुडघे गेलेले आहेत. ते शिडीवर चढणार आणि मी खाली बसणार, हे मला जमलं नसतं. ज्या माणसानं मला उभं केलं त्याला मी उत्तर काय देणार होतो? मी हत्यारांची पेटी उचलली.

दुपारी कापड चढवून झालं. चांगलं बसलं. आधीच्यापेक्षाही चांगलं, कारण पार्किंगची सावली दुपारी बाराला हवी असते, ती सरळ वर लावली की झालं. गाड्यांना खेळायचा महिना नाही, वेळ नाही. बोर्ड शेवटी ठेवला होता. तो आमच्याच खांबावर लावायचा होता, मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. मी तो जरा खाली घेतला. का घेतला ते मला सांगता येणार नाही. मी भोकं पाडली, बोर्ड धरला, स्क्रू फिरवायला लागलो.

पाच वाजून गेले असावेत. मागून चपलांचा आवाज आला. ओवी होती, टोपी, चष्मा, पूर्ण बाह्या. बाकीची मुलं हौदाजवळ उन्हात उभी राहून इकडं बघत होती, पुढे येत नव्हती. त्यांना घरून सांगितलं गेलं असावं. ओवीला अक्षरं वाचायला अगदी जवळ जावं लागतं. ती बोर्डाला नाक लावून उभी राहिली आणि एकेक शब्द लावत गेली.

"वाहनतळात... मुलांनी... खेळू... नये. आ... आज्ञेवरून."

मी शेवटचा स्क्रू बसवत होतो. जिन्यातून अनघाताईंची हाक आली, "ओवी, चल वर." ती हलली नाही. तिनं बोट पुढे करून स्क्रूचं डोकं चाचपलं, मग दुसऱ्याचं.

"काका, हे निघतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी लावलेलं निघत नाही."